एकेचाळीस बिल्ले

साहेब, तुमच्या उद्यान खात्यात दरवर्षी मार्च महिन्यात कुणीतरी खोटं लिहितं. एकदा नाही, एकेचाळीस वेळा. आणि त्या खोट्याखाली तुम्ही सही करता. तो माणूस कोण, एवढंच मी अकरा वर्षं विचारतेय. अर्जाची पोच मिळते, पोचेवर शिक्का मिळतो. उत्तर मिळत नाही.

म्हणून आता जे झालं ते जसंच्या तसं सांगून टाकते. त्यात माझंही पाप आहे. ते मी झाकणार नाही. झाकायची सवय तुमची.

"झाडाचं आधार कार्ड काढालाव काय ओ मॅडम?"

मी गिरणी बागेच्या फाटकाजवळच्या गुलमोहोरावर नंबराची पाटी ठोकत होते. वळून पाहिलं. रबरी पाइप हातात धरून एक म्हातारा उभा होता. खाकी अर्धी चड्डी, बनियन, डोक्याला ओला पंचा. पाइपातून पाणी त्याच्याच पायावर पडत होतं.

"नंबर टाकतेय," मी म्हटलं. "महापालिकेचं काम आहे."

"नंबर न्हाई टाकला तर झाड काय पळून जातंय?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते मोजायला गेले असते तर रडू आलं असतं.

बारा वर्षांपूर्वीचा एप्रिल. शहरातल्या चौसष्ट बागांमधली एकूण एक वस्तू नकाशावर चढवायचं काम एका एजन्सीने घेतलं होतं आणि एजन्सीने आम्हा सहा जणांना कंत्राटावर घेतलं होतं. हातात एक टॅब, खांद्याच्या पिशवीत अॅल्युमिनियमच्या नंबरपाट्या, हातोडी, खिळ्यांची डबी. बाक दिसला, पाटी ठोक, फोटो काढ, यादीतून 'बाक' निवड, स्थिती निवड. उत्तम, मध्यम, निकामी. मग वस्तूशेजारी उभं राहून बटण दाबायचं. टॅब उपग्रहाला विचारून जागा ठरवायचा आणि त्यातली बाई बोलायची, 'नोंद यशस्वी.'

दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. नवऱ्याचं घर मी सोडलं होतं. माहेरी भावजयीने माझा चहाचा कप वेगळा ठेवला, तेव्हा तेही सोडलं. या शहरात एका शिंप्याच्या दुकानावर खोली मिळाली होती. शिंपी सातला शटर ओढून गेला की जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज. एकदा मी खोलीवर टॅब उघडून उशीची नोंद करायला बसले होते. त्या बाईने 'नोंद यशस्वी' म्हणावं म्हणून. यादीत उशी नव्हती.

गिरणी बाग यादीतली एकसष्टावी. कापडगिरणी बंद पडून वीस वर्षं झालेली, नाव तेवढं बागेला उरलेलं. पुढच्या बाजूला हिरवळ, मधोमध कोरडं कारंजं, दोन घसरगुंड्या, सात बाक. म्हाताऱ्याचं नाव यल्लप्पा म्हेत्रे. बागेचा माळी, रोजंदारीवर. राहायला पंपाची खोली. दुपारपर्यंत तो पाइप घेऊन माझ्या मागे मागे. मी बाकावर पाटी ठोकली की विचारायचा, "ह्याचा नंबर किती?" मी सांगायचे. "पाठ करून ठेवतो," म्हणायचा. "हाक मारायला."

"बाकाला हाक मारता?"

"दुसरं कोण हाय हितं?"

दुपारी त्याने खोलीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. मी नको म्हटलं. "खावा ओ," तो म्हणाला. "एकट्याला भाकरी कडू लागती. दोघात निम्मी वाटली की गोड लागती. बघा खाऊन."

खाताना त्याने विचारलं, "हे सगळं कंप्युटरात जाणार?"

"जाणार."

"आणि मग?"

"मग कायमची नोंद. पालिकेच्या नकाशावर प्रत्येक वस्तू दिसणार. कुणालाही घरबसल्या बघता येणार."

"मागची बी?"

"मागे काय आहे?"

त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "चला, दाखवतो."

कारंज्यापलीकडे मेंदीचं कुंपण होतं. त्यामागे गिरणीच्या उंच दगडी भिंतीला लागून एक लांबट पट्टा. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत पाऊल टाकल्यावर मान आपोआप वर गेली. कडुनिंब, करंज, चिंच, दोन पिंपळ, एक शिरीष. एकमेकांत फांद्या घुसलेल्या, आभाळ कुठे दिसेल तर शप्पथ. खाली झाडून काढलेली जमीन, घरातल्या अंगणासारखी. आणि प्रत्येक बुंध्यावर छातीच्या उंचीला हाताच्या पंजाएवढा एक पितळी बिल्ला. एकावर ८८. पुढच्यावर ३४०. पुढे २१२. काही क्रम नाही.

"हे नंबर कुणी टाकले?"

"आमी. साच्यांचे नंबर हायेत."

"कसले साचे?"

"कापड विणायचे ओ. गिरणीतले." यल्लप्पा एका निंबाला पाठ टेकून बसला. "मी काय जन्माचा माळी न्हाई मॅडम. एकोणीस वर्षं साचेखात्यात होतो. गिरणी बंद झाली, साचे लिलावात गेले. भंगारवाला उचलून न्ह्यायच्या आदल्या दिवशी आमी एकेचाळीस जणांनी आपापल्या साच्याचा बिल्ला काढून घेतला. दोन स्क्रू. चोरी म्हणा, काय बी म्हणा."

"मग?"

"मग आली खंडेनवमी. दरसाल त्या दिवशी साच्याला हार, नारळ, हळदीकुंकू. आता हार घालायचा कशाला? बिल्ला घरात पाटावर मांडला तर बायका रडालत्या. मग आमचा बोद्दूल म्हणला, भिंतीमागं जागा हाय, झाड लावू. ज्याचा बिल्ला त्याचं झाड. साच्याला जसं तेलपाणी करत होतो तसं झाडाला करायचं, आणि खंडेनवमीला पूजा. तवापासनं चालू हाय."

"एकेचाळीस जणं येतात?"

"मी धरून पाच. बाकीचे गेले की. कोण वर, कोण पोराकडं पुण्याला." त्याने ८८ कडे बोट केलं. "ते मारुती कोडमचं. त्याच्या मागं कोण न्हाई. त्याच्या झाडाला मीच हार घालतो. दोनशे बारा माझं."

मी टॅब उघडला, पण फोटो काढला नाही. माझ्या कामाचा एक नियम होता. एका वस्तूवर एकच नंबर. फोटोत दुसरा नंबर दिसला तर ऑफिसातून नोंद परत यायची. मी आमचे सुपरवायझर उपासे यांना फोन लावला.

"जुने नंबर काढून टाक," उपासे म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"सर, पितळी आहेत. लोक पूजा करतात."

"ढेपे, आपण मालमत्ता मोजतोय, देवळं नाही. आज गिरणी बाग संपव. उद्या उरलेल्या तीन."

यल्लप्पाला मी सांगितलं. तो निंबाच्या सालीवरून अंगठा फिरवायला लागला.

मग म्हणाला, "खरं सांगू का? मागल्या महिन्यात दोघं टेप घेऊन आलते. भिंतीपलीकडं मोठं मार्केट होणार हाय म्हणं. गाड्या लावायला जागा पायजे त्यांना. हा पट्टा मोजून गेले. आमचे बिल्ले बघून हसले. म्हणले, हे काय सरकारी न्हाई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमची पाटी सरकारी हाय ना?"

"आहे."

"तुमची पाटी बसली, कंप्युटरात झाड बसलं, की मग कोण हात लावत न्हाई. असंच ना?"

"असंच. झाड तोडायला परवानगी लागते. नोंद झालेलं झाड कोण तोडेल?"

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

हे मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडून वदवलं नाही. शब्द द्यायला माझ्या खिशात काय होतं? सहा महिन्यांचं कंत्राट आणि गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र. पण त्या माणसाने मला निम्मी भाकरी दिली होती आणि मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.

बिल्ले त्याने स्वतःच काढले. मला हात लावू दिला नाही. स्क्रू गंजलेले, कडा सालीत रुतलेल्या. कोडमच्या झाडाने निम्मा बिल्ला पोटात घेतला होता. यल्लप्पाने पटाशी आणून साल कोरली, तेव्हा आतून डिंक आला. "दुखलं काय मारुत्या," तो झाडाला म्हणाला. "सरकारी व्हायलास तू. सोस थोडं." एकेक बिल्ला बनियनला पुसून तो जेवणाच्या डब्यात ठेवत गेला. मागोमाग मी पाट्या ठोकल्या. ३७०१ ते ३७४१. फोटो काढले. सगळ्यांची स्थिती उत्तम. खरोखरच उत्तम होती.

आणि मग टॅब अडला.

जागेचं बटण दाबलं की तो गोल गोल फिरायचा आणि सांगायचा, 'अचूकता अठरा मीटर. पुन्हा प्रयत्न करा.' पाच मीटरच्या आत अचूकता आल्याशिवाय तो नोंद घ्यायचा नाही. वर दाट झाडं, बाजूला गिरणीची भिंत. उपग्रहाला मी दिसतच नव्हते. बावीस मीटर. सतरा मीटर. मी टॅब डोक्यावर धरला, खोडाला टेकवला, फांद्यांतली फट शोधत फिरले. दीड तास गेला. यल्लप्पासुद्धा माझ्या मागून मान वर करून फिरत होता. "तितं थोडं आभाळ हाय बघा. तितं उभारा."

पुन्हा उपासेंना फोन.

"बाहेर उघड्यावर जा," ते म्हणाले. "एक पॉइंट घे, त्याच्यावर सगळी झाडं टाकून दे. नंतर ऑफिसात बसून नकाशावर सरकवू."

"सर, एकेचाळीस झाडं आहेत."

"मग एकेचाळीस वेळा बटण दाब. नवीन आहेस का?"

मी कारंज्यापाशी आले. हिरवळीचा मध्य, डोक्यावर स्वच्छ आभाळ. अचूकता तीन मीटर. बटण दाबलं. 'नोंद यशस्वी.' पुन्हा दाबलं. 'नोंद यशस्वी.' एका जागेवर कितीही झाडं उभी केली तरी टॅबची तक्रार नव्हती. माझीही नव्हती. ऊन होतं, तीन बागा उरल्या होत्या आणि नंतर सरकवणार होतेच.

यल्लप्पा मेंदीच्या कुंपणाशी डबा काखेत धरून उभा होता.

"मॅडम, झाडं तिकडं. तुमी हिकडं उभारून काय लिहालाव?"

"तसंच असतं बाबा."

"तसंच असतंय?"

"हो. नंतर सरकवतात."

त्याने मान हलवली. शिकलेल्या माणसाने सांगितल्यावर हलवतात तशी.

शेवटचा रकाना होता 'वापर'. पाच ते सहा बागेत बसायचं आणि कुठल्या भागात किती माणसं येतात ते मोजून लिहायचं. पुढच्या भागात सत्तावीस माणसं आली. मागे कोण येणार? मी लिहायला लागले, शून्य.

"एक लिवा की," यल्लप्पा म्हणाला.

"कोण आलं?"

"मी बसतो की रोज तितं."

"कर्मचारी धरायचे नाहीत बाबा. नियम आहे."

"मी कर्मचारी कुठला? एकतीस अर्ज केले कायम करा म्हणून. साहेब म्हणते, तुमी आमचे कर्मचारी न्हाई. आणि तुमी म्हणता कर्मचारी हाय, म्हणून मोजायचा न्हाई." तो हसला. दात थोडेच होते. "मग मी कोण ओ?"

मीही हसले. शून्य लिहिलं आणि टॅब मिटला.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. "खंडेनवमीला या," म्हणाला. "या शहरात तुमचं कोण हाय काय?"

"नाही."

"मग या. हळदीकुंकवाला एक बाईमाणूस लागतंयच. आमचं म्हाताऱ्यांचं नुसतं सांडासांड."

जूनमध्ये कंत्राट संपलं. टॅब परत घेतला. झाडं सरकवली का, हे मी उपासेंना शेवटच्या दिवशी विचारलं. "डेटा वर गेला," ते म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. मला एका शाळेत लिहिण्याचं काम मिळालं, उरलेला वेळ शिंप्याकडे काजाबटणं करायचे. टॅबमधली बाईसुद्धा आता नव्हती. दसरा जवळ आला तसा मी कॅलेंडरवर एक दिवस गोल करून ठेवला. त्या सगळ्या वर्षात मला आलेलं ते एकच आमंत्रण.

खंडेनवमीला सकाळी झेंडूच्या माळा, नारळ, पेढे घेऊन मी गिरणी बागेत गेले. फाटकातून आत आले आणि थांबले. बागेत उजेड फार होता. मेंदीचं कुंपण नव्हतं. त्या जागी निळ्या पत्र्यांची भिंत आणि पत्र्यांच्या वर मोकळं आभाळ. गिरणीच्या भिंतीपर्यंत सगळं मोकळं. पत्र्यांच्या फटीतून पाहिलं. लाल माती, बुंध्यांचे तुकडे, एक रोलर.

कारंज्यापाशी हिरवळीवर पाच म्हातारे बसले होते. धुतलेले शर्ट, डोक्याला टोप्या. मधे यल्लप्पा. त्यांच्यापुढे गवतावर, जिथे मी एप्रिलमध्ये उभी होते बरोबर तिथे, एकेचाळीस पितळी बिल्ले ओळीने मांडलेले होते. चिंचेने घासलेले, लखलखीत. प्रत्येकावर एक फूल.

"आल्या का?" यल्लप्पा म्हणाला. "मी म्हणलो होतो बोद्दूल, त्या येणार."

उंच, वाकलेले एक गृहस्थ होते, ते बोद्दूल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, हे... केव्हा झालं?"

"बारा दिवस झाले. मशीन आणली. मी आडवा झालो. म्हणलो, पाटी बगा, सरकारी नंबर हाय. त्यातला एक पोरगा शाणा होता, त्याने मोबाइलवर नंबर घातला. मला दाखवला. म्हणला, आजोबा, सदतीसशे एक नंबरचं झाड हितं न्हाईच. कारंज्यापाशी हाय. हे झाड नोंदीतलं न्हाई, ह्याला परवानगी लागत न्हाई."

"तुम्ही ऑफिसात..."

"गेलो की. पळत गेलो. बोद्दूल बी होता. तितल्या क्लार्कने कंप्युटर फिरवून दाखवलं. चांगला माणूस, खुर्ची दिली. म्हणला, तुमची एकेचाळीस झाडं जागेवर हायेत. स्थिती उत्तम. मागला पट्टा रिकामा. झाडं शून्य, वापर शून्य. तुमची तक्रार निकाली काढतो. माघारी येस्तोवर अर्धी पडलीती."

मग बोद्दूल बिल्ल्यांकडे बघतच म्हणाले, "मी म्हटलं यल्लप्पा, आता बिल्ले नदीत सोड. तर हा म्हणतो, सरकार म्हणतंय झाडं कारंज्यापाशी आहेत, तर पूजा कारंज्यापाशीच करू. सरकारच्या कागदाला मान द्यायला नको?"

दोघं म्हातारे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

यल्लप्पा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी हितंच उभारला होता ना, मॅडम?"

"हो."

"मला वाटलंच. म्हणून मी जागा बरोबर धरली."

मी सांगायला सुरुवात केली. उपग्रह, अचूकता, उपासे, नंतर सरकवणार होते. त्याने हाताने थांबवलं. "बसा. चप्पल काढा." हळदीकुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि ओळीतला एक बिल्ला उचलून माझ्यापुढे ठेवला. ८८. एका कडेला अजून डिंक चिकटलेला होता.

"हे मारुती कोडमचं. त्याचं कोण न्हाई. तुमी लावा."

मी लावलं. कुंकू सांडलं.

"बगा," यल्लप्पा बोद्दूलना म्हणाला, "बाईमाणूस असून बी सांडलंच."

नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे वाटले. पत्र्यांमागे रोलर सुरू झाला तशी हिरवळ पायाखाली हलायला लागली आणि ओळीतले बिल्ले एकमेकांवर वाजायला लागले. जुना साचा चालू झाल्यासारखं वाटलं असेल त्यांना. पाचही म्हातारे मान खाली घालून ऐकत बसले.

त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज केला. माझं नाव, सही, तारीख, आणि कबुली. चुकीचा पॉइंट मी घेतला, झाडं मागच्या पट्ट्यात होती, फोटो तुमच्याकडेच आहेत, पडताळा. तुम्ही पडताळले नाहीत. एजन्सीचं काम समाधानकारक पूर्ण झाल्याचं पत्र आधीच दिलेलं होतं म्हणे. झाड तोडायला परवानगी लागते. नसलेलं झाड तोडायला कसली परवानगी? ती झाडं नसलेली मी केली. आणि माझी चूक कळल्यावरही तुम्ही ती तशीच ठेवलीत, कारण ती तुमच्या सोयीची होती.

पंपाची खोली पट्ट्यातच होती. यल्लप्पा लेकीकडे गेला, सीमेपलीकडच्या गावात. तिथे बाग नव्हती. दोन वर्षांनी तिचा मुलगा माझ्या शाळेत चौकशी करत आला आणि एक जेवणाचा डबा देऊन गेला. "आजोबा म्हणालते, बाईकडं पोचव. नंबर बाईला पाठ हायेत." डबा जड होता.

आता तो माझ्या फळीवर असतो. बोद्दूल गेले. बाकीचेही गेले. खंडेनवमीला मी एकटी कारंज्यापाशी जाते, बिल्ले मांडते, एकेचाळीस फुलं वाहते. नवा रखवालदार पहिल्या वर्षी हटकायला आला होता. त्याला म्हटलं, इथे झाडं आहेत, नकाशा बघ. त्याने मोबाइल काढून बघितलं आणि गेला.

कारण झाडं अजून आहेत, साहेब. तुमच्या नकाशावर. मी दर एप्रिलला बघते. कारंज्याजवळ एकावर एक रचलेले एकेचाळीस हिरवे ठिपके, लांबून एकच दिसतो. बोट लावलं की उघडतात. ३७०१, कडुनिंब, स्थिती उत्तम. ३७०२, करंज, स्थिती उत्तम. खाली लिहिलेलं असतं, 'शेवटची प्रत्यक्ष पाहणी' आणि त्या वर्षीच्या मार्चमधली तारीख. एकही वर्ष चुकलेलं नाही. गेल्या वर्षी तर शिरीषाचा घेर चार इंचांनी वाढल्याची नोंद आहे.

मी एकदा खोटं लिहिलं. उन्हात, एका दुपारी. माझं नाव मी तुम्हाला अकरा वेळा लिहून दिलंय, आणखी एकदा घ्या. मंदाकिनी ढेपे. आता तुम्ही सांगा. दरवर्षी मार्चमध्ये कारंज्यापाशी उभं राहून त्या रिकाम्या गवतावर एकेचाळीस झाडं कोण बघतं? नाव काय त्याचं?